गूळ पोटात, धूळ छातीत

निघोजे गावातल्या घराच्या पडवीत गुळाची अख्खी ढेप दिसली, तेव्हा दौलतरावांना वाटलं, पोरानं काहीतरी शुभकार्य काढलंय आणि बापाला सांगायचं राहून गेलंय.

"ज्ञाना, कुणाची सुपारी फोडलीस रं?"

"सुपारी कसली अप्पा! कामावरच्या बायकांसाठी आणलाय," बूट चढवता चढवता ज्ञानेश म्हणाला. "पिंपरीत ती बंद कंपनी पाडतायत ना, तिथलं बॉयलर हाऊस मोकळं करायचं काम मिळालंय. नळांवरचं जुनं वेष्टण सोलायचं. धूळ लई हाय, म्हणून गूळ."

"कंची कंपनी?"

"तुमचीच की."

दौलतराव खाटेवर उठून बसले.

ते वेष्टण त्यांनीच चढवलं होतं. अ‍ॅसबेस्टॉसचं. पोत्यांतून यायचं, पांढरं, मऊ. सगळे त्याला कापूसच म्हणायचे. पाण्यात कालवून गरम नळांवर हातानं लिंपायचा आणि वर त्याचंच कापड गुंडाळायचं. तो घामेजल्या मानेला चिकटायचा, डब्यातल्या भाकरीवर बसायचा. गंमत म्हणून पोरं त्याचे गोळे करून एकमेकांना मारायची. पाळी सुटली की मुकादम दारात उभा राहून प्रत्येकाच्या हातावर गुळाचा खडा ठेवायचा. खा, छाती साफ राहील! मास्क कधी कुणी मागितला नाही. असं काही असतं हे कुणी सांगितलंच नव्हतं. ज्यांना ठाऊक होतं, त्यांच्या केबिनला काचा होत्या.

हा कापूस जळत नाही, कुजत नाही आणि छातीत विरघळतही नाही. त्याची कुसळं डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक. ती फुफ्फुसात रुततात आणि वीस-तीस वर्षं गप्प बसतात. माणूस रिटायर होतो, हार-नारळ घेऊन घरी येतो, आणि मग एक दिवस ओट्याच्या पायऱ्याच त्याला डोंगर होतात.

दौलतराव माळकरी. उभ्या जन्मात बिडीला शिवले नाहीत. तरी पहिल्या डॉक्टरनं विचारलं, "दिवसाला किती ओढता?" दुसऱ्यानं टीबीच्या गोळ्या चालू केल्या. पुण्यातल्या एका डॉक्टरबाईंनी मात्र, आयुष्यभर काम काय केलंत, हे आधी विचारलं. गुळाचं ऐकून त्यांनी कपाळाला हात लावला. "अहो आजोबा, गूळ जातो पोटात, धूळ जाते छातीत. दोघांची गाठ पडणार कुठं?" घरी येऊन दौलतरावांनी नुसता म्हातारपणाचा खोकला म्हणून सांगितलं होतं.

"तिथं बाया नगं नेऊस ज्ञाना," दौलतराव म्हणाले.

"मी न्हाई नेल्या तर दुसरा नेईल. हातचं काम जाईल."

"मग मला बी ने."

ज्ञानेशनं लाख समजावलं. म्हातारा टेम्पोत जाऊन बसला तो बसलाच.

साइटवर बायका नाकाला पदर बांधून तयार होत्या. पाडकामाचे इंजिनियर वरद साहेब आले. त्यांच्या गळ्यात मात्र दोन फिल्टरचा चांगला मास्क लटकत होता. दौलतरावांनी तो पाहिला आणि त्यांच्या मस्तकाची शीर उठली.

"कुणी हात लावायचा न्हाई ह्याला! इख हाय ते!"

टोळीची म्होरकी कौशल्याबाई लातूरकडची. ती फणकारली. "काय सांगायलाव आबा? आमी सिमेंट उचललं, खडी उचलली. काय झालं आमाला?"

"आज न्हाई व्हनार बाई. नातू लग्नाला येईल तवा व्हईल."

"तवाचं तवा बघू. आजची हजेरी कोन देतंय, तुमी?"

एवढं बोलूनच दौलतरावांना धाप लागली होती. त्यांनी शर्ट वर केला आणि तिच्याकडं पाठ फिरवली. "कान लाव."

बापाच्या वयाचा माणूस. कौशल्याबाई संकोचली, पण तिनं कान लावला. दौलतरावांनी श्वास ओढला.

"अगं माय! वाळल्या पाचोळ्यावरून कुनीतरी चालायलंय की आत!"

मग एकेक बाई पुढं आली. सगळ्यांत शेवटी ज्ञानेश. बापाचा खोकला त्यानं भिंतीपलीकडून रोज ऐकला होता, पण पाठीला कान कधी लावला नव्हता. मग बापाचा शर्ट त्यानं स्वतःच खाली केला.

"झालं का नाटक?" वरद साहेब म्हणाले. "मालाला पाणी मारायचं, मास्क द्यायचे, जागा बंदिस्त करायची, हे सगळं नियमात आहे. पण त्याचा रेट वेगळा. तू याच रेटला हो म्हणालास."

"नियमात हाय? मग मला सांगितलं का न्हाई?"

"तू विचारलं नाहीस."

ज्ञानेश साहेबांपुढं जाऊन उभा राहिला. "असं व्हय? मग तुमी चला आत, साहेब. मास्क काढून. गूळ मी देतो."

बायका खो खो हसल्या. साहेबांनी फोन कानाला लावला.

दुसरी टोळी चाकणहून निघाली. तिचा टेम्पो येताना दिसला, तसा ज्ञानेशनं आपला टेम्पो फाटकात आडवा लावला आणि चावी खिशात टाकली. मागून हॉर्न कोकलू लागला. "ए भावा, बाजूला घे की! झोपला का?"

"हजेरी तर बुडालीच," म्हणत कौशल्याबाई फाटकासमोर फतकल मारून बसली. "आता उन्हात बसायला काय जातंय?" बाकीच्याही बसल्या.

दौलतराव पाय ओढत नव्या टेम्पोच्या मागं गेले. वर दाटीवाटीनं उभी असलेली मिसरूड फुटलेली पोरं खाली बघत होती. एकानं मागचा फाळका उघडायला त्याच्या कडीला हात घातला. दौलतरावांनी बाहेरून ती दोन्ही हातांनी दाबून धरली. त्यांना पोरांना पुष्कळ सांगायचं होतं, पण खोकल्याची उबळ आली.

"आजोबा, सोडा की, उतरू द्या!"

त्यांनी मान हलवली. उबळीनं सगळं अंग हलत होतं. कडी त्यांनी सोडली नाही.