मैदानावर सर, घरात आबा

आमचे वडील घरात आबा होते आणि मैदानावर सर. नियम त्यांनीच केलेला. सांगलीत आमची खोली शाळेच्या मैदानाला लागून होती, मधे फक्त मेंदीचं कुंपण. ते ओलांडलं की 'आबा' म्हणायचं नाही. चुकून म्हटलं तर ते वळूनसुद्धा बघत नसत.

फौजेत शिकलेला बास्केटबॉल घेऊन हा म्हसवडकडचा माणूस मुलींच्या शाळेत मास्तर झाला. घरी त्यांना नाव ठेवायला जागा नव्हती. बंबासाठी लाकडं फोडायचे. आई तापानं पडली की माझ्या वेण्या घालायचे, घट्ट आणि सरळ भांगाच्या. म्हणून तर जास्त राग येतो. वाईट बाप असता तर एव्हाना विसरून गेले असते.

आपला तो बाब्या आणि दुसऱ्याचं ते कार्टं, ही म्हण मैदानावर उलटी चालायची. मला ते सगळ्यांत जास्त पळवायचे, शाबासकी मात्र दुसरीला. तरीही लांबून रिंगमध्ये चेंडू टाकण्यात माझा हात धरणारी शाळेत कुणी नव्हती. हे त्यांनाही माहीत होतं.

अकरावीच्या वर्षी साताऱ्याला सामने होते. आईनं माझा निळा ड्रेस हातानं शिवला. एस.टी.त मी सगळ्यांबरोबर गाणी म्हटली. मैदानावर पोचल्यावर कळलं की खेळणाऱ्यांत माझं नावच दिलेलं नाही.

मी विचारलं, तेव्हा सर बुटाची नाडी बांधत होते. "घरचं माणूस घेतलं म्हणून उद्या कुणी बोट दाखवाय नको. तू पाणी बघ."

शेवटच्या सामन्यापर्यंत मी ड्रेस घालून कळशीपाशी बसून होते. त्या सामन्यात एकीचा पाय मुरगळला, दोघी पाच-पाच फाउल होऊन बाहेर गेल्या. मैदानात आमच्या चौघीच उरल्या. पंच बाकाजवळ आले. माझ्याकडे बोट करून म्हणाले, "सर, ही बसलीय की. नाव घालू का? समोरच्यांची हरकत नाही."

मी उभी राहिले होते. सरांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि पंचांना सांगितलं, "न्हाई. आमच्याकडं कुणी न्हाई."

चौघी खेळल्या आणि हरल्या. लोकांनी मात्र सरांचाच हात हातात घेतला. काय तत्त्वाचा माणूस, म्हणे. तत्त्व त्यांचं, किंमत माझी. परतीच्या एस.टी.त आबांनी मोसंबं सोलून माझ्या हातात ठेवलं. मी ते खिडकीबाहेर टाकलं.

घरी आल्यावर आई एवढंच म्हणाली, "आवं, पोरगी हाय ती तुमची."

"म्हणूनच," आबा म्हणाले आणि हातपाय धुवायला गेले. त्या दिवसापासून मी कुंपण ओलांडलं नाही.

पुष्कळ वर्षांनी ते गेले. दहाव्याला कृष्णेच्या घाटावर त्यांच्या कितीतरी विद्यार्थिनी आल्या होत्या. मी शाळा सोडल्यानंतर त्यांच्या हाताखाली शिकलेली एक बाई पदरानं डोळे पुसत माझ्याशेजारी येऊन बसली. म्हणाली, "सर आम्हाला बापासारखे होते हो." मग माझ्याकडे बघून तिनं विचारलं, "तुम्ही त्यांच्या कोण?"

"कुणी नाही," मी म्हटलं.