वाटेत दगावलेल्यांची फांदी

नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी बीडला आरोग्य खात्याच्या एका कार्यालयात आकडेवारीचं काम पाहायचे. नवा संगणक आला आणि साहेबांनी काम दिलं: सर्पदंशावरचं इंजेक्शन गावोगावच्या आरोग्य केंद्रांत ठेवायचं, की नुसती गाडी ठेवून रोग्याला बीडला आणायचं? कमी खर्चात जास्त जीव कशाने वाचतील, हे निर्णयाचं झाड मांडून, म्हणजे प्रत्येक शक्यतेला एक फांदी देऊन तिची टक्केवारी आणि खर्च गुणून, दाखवायचं होतं.

पुण्याच्या एका विक्रेत्याने त्यासाठीच्या सॉफ्टवेअरची नमुना प्रत दिली होती. आकडे भरले की रेखीव झाड उभं राहायचं. उत्तर आलं, गाडी. साहेब खूश. दुपारी मुंबईची समिती येणार होती. तिच्याकडून सॉफ्टवेअरच्या खरेदीलाही मंजुरी हवी होती.

त्या सकाळी तलवाड्याकडच्या आरोग्य केंद्रातल्या एक नर्सबाई कार्यालयात बैठकीला आल्या होत्या. पडद्याकडे बघत म्हणाल्या, "मॅडम, वाटंतच गेलेलं माणूस ह्यात कुटं हाय?"

कुठेच नव्हतं. गाडी निघाली की रोगी पोचलाच, असं मी धरून चालले होते. फांदी जोडायला गेले, तर नमुना प्रत आणखी फांदी घेईना. विक्रेत्याला फोन लावला. "पूर्ण प्रत घेतलीत की होईल," तो म्हणाला.

साहेब चिडले. "एका फांदीने काय बिघडतं? आहे तेच दाखवा."

"सर, माणसं त्याच फांदीवर मरतायत."

ते तरातरा निघून गेले. मी साधी स्प्रेडशीट उघडली आणि एकेक फांदी ओळीत मांडून गुणाकार स्वतः लिहिले. नर्सबाई आपल्या वहीतून वाटेत दगावलेल्यांच्या नोंदी वाचून दाखवत होत्या. दिवे मिणमिणत होते. वीज जाईल म्हणून प्रत्येक ओळीनंतर मी फ्लॉपीवर साठवत होते. उत्तर उलटलं. आता इंजेक्शन सरस होतं. चूक तर नाही ना, म्हणून कागदावर दोनदा करून पाहिलं.

दुपारी समितीतल्या डॉक्टरांनी एका आकड्यावर बोट ठेवलं. "हा कुठून आला?" मी सूत्र दाखवलं. त्यांनी स्वतःच्या कॅल्क्युलेटरवर गुणाकार केला.

"बरोबर आहे. आणि ते तयार सॉफ्टवेअर?"

"चित्र सुरेख काढतं, सर. पण ही फांदी नमुना प्रतीत बसली नाही, साध्या स्प्रेडशीटमध्ये बसली."

साहेब खाली बघत होते. खरेदी बारगळली. पावसाळ्याआधी काही केंद्रांत इंजेक्शनं पोचली. अहवालात मी नर्सबाईंचा उल्लेख केला होता. तेवढी ओळ साहेबांनी खोडली, आणि मी वाद घातला नाही. त्याची चुटपुट अजून आहे.