टाकीतली हवा सोडताना

दाजी गेल्याचा फोन ताईचा नव्हता, तिच्या शेजारणीचा होता. "तुमी लगेच या. ताई काय बोलंनाच झाल्यात," एवढंच ती म्हणाली. त्यामुळे तळेगावहून मळवलीला उतरेपर्यंत मी ताईलाच काहीतरी झालं आहे असं धरून चालले होते. कार्ल्याच्या घरासमोर माणसं जमली होती. ओट्यावर ताई भिंतीला टेकून बसलेली दिसली, तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. मग तिच्या हातातली कपबशी दिसली. चहा तसाच होता, वर साय धरलेली... आणि कुणीतरी माझ्या कानाशी दाजींचं नाव घेतलं.

ताई माझी थोरली बहीण. आम्ही दोघी सुदुंबऱ्याच्या. ती लग्न होऊन कार्ल्याला आली, मी शिकायला तळेगावला गेले आणि तिथल्याच एका कॉलेजच्या ग्रंथालयात नोकरी करून निवृत्त झाले. दाजी लोणावळ्याच्या एका शाळेत कारकून होते. घरची भातशेती भाऊबंदांबरोबर बघायची आणि सकाळच्या बसने शाळेत जायचं, असं त्यांचं आयुष्य सरळ गेलं. त्यांना जाऊन आता काही आठवडे झाले. हा लेख मी दुःखाच्या भरात लिहीत नाही. उलट मध्यंतरी मनावर जो दगड होता तो उतरला आहे, आणि तो कसा उतरला ते सांगताना दाजी कसे होते तेही सांगून होईल, म्हणून लिहायला बसले आहे.

भेटायला येणाऱ्या प्रत्येकाला ताई एकाच शब्दांत सांगायची. "चहा घिऊन गेले गोठ्यात. तर हे खुर्चीत बसल्यालं. मला वाटलं डुलकी लागली." डॉक्टर म्हणाले होते, हृदय थांबलं, झोपेत जावं तसे गेले. येणारे म्हणायचे, पुण्यवान माणूस, कुणाला त्रास दिला नाही. ताई मान हलवायची. तेरावा झाला, माणसं पांगली, मी मात्र राहिले. एका दुपारी आम्ही दोघी तांदूळ निवडत बसलो होतो. सुपावरून नजर न काढता ती म्हणाली, "त्यांनी हाक मारली आसंल गं."

"कुणी सांगितलं तुला?"

"कुणी कशाला सांगाया पायजे. ते मशीन सुरू आसलं की माझं मला बोललेलं ऐकू येत न्हाई. छातीत कळ आली आसंल, हाक मारली आसंल, आन् मी हितं सैपाकघरात..."

मी म्हटलं, तू गेलीस तेव्हा मशीन बंद होतं, तूच तर सांगतेस. त्यावर तिने माझ्याकडे जरा कीव केल्यासारखं पाहिलं. "लायब्ररीवाले, ते आपोआप बंद पडतं. टाकी भरली की थांबतं, हवा वापरली की पुन्ना लागतं. बंद व्हतं म्हंजी काम संपलं व्हतं, आसं न्हाई." तिचं म्हणणं खरं होतं. त्या यंत्राशेजारी तिने इतके दिवस काढले होते की त्याच्या शांततेवर तिचा विश्वास उरला नव्हता. त्या दिवशीच्या गडबडीत शेजाऱ्यांनी गोठ्याची वीज तोडली होती, दाराला कुलूप घातलं होतं, आणि त्यानंतर आत कुणीही गेलं नव्हतं. म्हणजे तिला कळायचा काही मार्गही नव्हता.

हे यंत्र म्हणजे दाजींचा कॉम्प्रेसर, रंग फवारायला लागणारी हवा टाकीत दाबून भरणारा. निवृत्त झाल्यावर लोक देवदर्शनाला जातात, दाजींनी रंग मारायला घेतला. जनावरं विकल्यावर गोठा रिकामाच होता. तो त्यांनी झाडला, भिंतींना चुना दिला, वर प्लास्टिक ताणून घेतलं आणि पुण्याहून दोन चाकांचं, लाल टाकीचं ते मशीन आणलं. सोबत आलेली माहितीपुस्तिका घेऊन ते थेट माझ्याकडे तळेगावला आले. "ग्रंथपालबाई, ह्ये इंग्रजी जरा मऊ करून द्या," म्हणाले. मी पानापानाचा अर्थ सांगत गेले, ते ऐकत गेले. पुस्तिकेत एके ठिकाणी होतं की मोटरच्या ठिणगीजवळ रंगाची वाफ नको. घरी जाऊन त्यांनी कॉम्प्रेसर गोठ्यामागच्या वैरणीच्या खोलीत ठेवला, मधल्या भिंतीला भोक पाडलं आणि त्यातून रबरी नळी गोठ्यात आणली. ताई म्हणाली, "आता भिताडं बी पोखराया लागले. उंदीर काय कमी व्हते?"

पहिल्यांदा रंग फवारायची बंदूक हातात घेतली तेव्हाची गंमत मी स्वतः पाहिली आहे. ग्रंथालयातली रद्दी वर्तमानपत्रं मी सरावासाठी नेली होती, ती त्यांनी भिंतीवर चिकटवली होती. दाजींचा हात उभा जन्म भातावर औषध मारण्यात गेलेला. बंदूक धरल्याबरोबर ते चालायलाच लागले. कमरेतून वळत, हात अर्धगोल फिरवत, भिंतीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. वर्तमानपत्राच्या मधोमध रंग ओघळून खाली आला आणि कडा कोऱ्याच राहिल्या. दारात उभी असलेली ताई म्हणाली, "तुडतुडं मेलं का वो सगळं?" दाजी स्वतःही हसले. मग त्यांनी पाय जमिनीला रोवले, मनगट ताठ केलं, कागदापासून एक वीत अंतर धरलं आणि हात भिंतीला समांतर नेला. हळूहळू जमलं. पण पुढेही कधी कंटाळा आला की त्यांची पावलं आपोआप चालू लागायची, आणि ताई ओळखायची की आता औषध मारणं सुरू झालं.

माझं पुस्तकांचं लोखंडी कपाट त्यांनी मागून घेतलं ते ऐन पावसाळ्यात. आमच्या मावळात त्या दिवसांत भिंतींना घाम येतो, पापड आणि काडेपेटी दोन्ही मऊ पडतात. दाजींनी पाऊस आत येऊ नये म्हणून गोठ्याची दारं-खिडक्या बंद केल्या आणि रंगवायला घेतलं. सकाळी पाहिलं तर एका दारावर दुधाळ धुकं आलं होतं आणि बारीक बारीक फोड. त्यांना वाटलं रंग वाईट निघाला, मग वाटलं रंग पातळ करायचं थिनर वाईट निघालं. मला फोन करून पुस्तिकेतलं सगळं पुन्हा वाचून घेतलं. शेवटी टाकीच्या तळाशी एक छोटी तोटी असते आणि ती रोज उघडायची असते, ही ओळ आली. मशीन घेतल्यापासून त्यांनी ती एकदाही उघडली नव्हती. "थांब, धर फोन," म्हणाले. मला फोनवर जोराचा फुस्स असा आवाज ऐकू आला. मग दाजी अगदी हलक्या आवाजात म्हणाले, "आगं, ह्याच्यात तर विहीर हाय." आपल्या हवेतलं पाणी टाकीत साठून साठून गंजाच्या रंगाचं झालं होतं आणि तेच हवेबरोबर माझ्या कपाटावर गेलं होतं.

त्या दिवसापासून त्यांनी काम आवरायची एक पद्धत घालून घेतली आणि ती कधी मोडली नाही. आधी बंदुकीत थिनर घालून ते स्वच्छ येईपर्यंत फवारायचं. मग तिचं तोंड सोडवून, पुसून, तेलाचा थेंब देऊन फडक्यावर पालथं ठेवायचं. तोंडावरचा मास्क खिळ्याला. मग वैरणीच्या खोलीत जाऊन बटण बंद, आणि अगदी शेवटी तोटी उघडायची. खाली रंगाचा जुना डबा ठेवलेला असे, पाणी त्यात पडे. टाकी वाळावी म्हणून तोटी सकाळपर्यंत उघडीच. वैरणीच्या खोलीची खिडकी सैपाकघराच्या मागे उघडते, त्यामुळे तो फुस्स ताईला स्पष्ट ऐकू यायचा. तो ऐकला की ती चहाचं आधण ठेवायची. ठरवून काही झालं नव्हतं, तसं पडत गेलं. एकदा मी तिथे असताना ताईला म्हटलं, चहा ठेवू का? तर म्हणाली, "आजून कुटं? टाकी सुटली न्हाई आजून." आधी चहा केला तर तो निवतो आणि दाजी हातातलं काम सोडून येत नाहीत, हे तिला अनुभवाने माहीत झालं होतं.

परवा ताई म्हणाली, माझ्या शिलाई मशीनचा स्टँड गोठ्यात अडकलाय, तो तरी काढून दे. दाजींचं ते शेवटचं काम. ती स्वतः आत यायला तयार नव्हती. मी कुलूप काढलं. थिनरचा वास अजून होता. शिलाई मशीनचा लोखंडी स्टँड आढ्याच्या तारेला टांगला होता, हिरवागार, आणि नक्षीच्या आतल्या बाजूलासुद्धा रंग सारखा बसला होता, कुठे ओघळ नाही. खुर्ची तिथेच होती. मग डोळ्यांना दिसायला लागलं, की मास्क खिळ्याला आहे, बंदूक फडक्यावर आहे, तिचं तोंड सोडवून शेजारी पालथं ठेवलं आहे. मी बंदूक उचलून पाहिली. आत रंगाचा ठिपका नव्हता. मी मागच्या खोलीत गेले. मशीनवरचं बटण बंद होतं, दाबाचा काटा शून्यावर होता, तोटी उघडी होती. खालच्या डब्यातलं पाणी आटून तळाशी तांबूस कडं उरलं होतं.

मी ताईला हाताला धरून आत आणलं आणि एकेक गोष्ट दाखवली. तिने डब्यात वाकून पाहिलं, तोटीला बोट लावलं. मग म्हणाली, "म्हंजी आवरलं व्हतं."

"सगळं आवरलं होतं ताई. मशीन बंद करून, हवा सोडून, मग पुढे खुर्चीत येऊन बसले. हाक मारली असती तर तुला ऐकू आली असती. आवाज करणारं काही उरलंच नव्हतं."

"मंग मला हवा सुटल्याली कशी ऐकू आली न्हाई?"

आम्ही पुढे गोठ्यात आलो. ती खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभी राहिली. बाहेर रस्त्यावरून बस गेली. मग तिचा चेहरा बदलत गेला, अगदी हळू, आणि ती माझ्याकडे न बघता म्हणाली, "आगं... मी चहा घिऊन आलते की."

तिने ही गोष्ट कितीजणांना सांगितली होती, आणि प्रत्येक वेळी चहापासूनच सुरुवात केली होती. "आवाज आल्याबिगर मी कवा आधण ठेवलंय?" ती म्हणाली. "ऐकलंच आसणार मी. ऐकलं आन् ठेवलं. ध्येनात कशाला राहील, रोजचंच ते." मग ती त्या खुर्चीत बसली आणि पदर तोंडाला लावून रडली, तेरा दिवसांत रडली नव्हती तशी. रडून झाल्यावर म्हणाली, "हे चहाची वाटच बघत व्हते मग." आणि हे म्हणताना तिच्या आवाजात इतके दिवस जी धार होती, ती नव्हती.

माझ्या कपाटाच्या त्या दारावर अजून धुकं आहे. दाजी दर उन्हाळ्यात म्हणायचे, आण, पुन्हा मारून देतो. मी कधी नेलं नाही, मला ते तसंच आवडतं. त्या दाराआड मी काय ठेवलं आहे ते न बघता सांगू शकते, इतकी त्याची सवय झाली आहे.

त्या दिवशी गोठ्यातून निघताना मी म्हटलं, "चल, चहा टाक." ताई उंबऱ्यात थांबली. "टाकी सुटली न्हाई आजून," म्हणाली आणि उत्तराची वाट न बघता सैपाकघराकडे गेली. मी वीज जोडली, तोटी बंद केली, बटण दाबलं. मशीन खडखडत सुरू झालं. काटा शून्यावरून उठला, थोडा वर चढला. मी बटण बंद केलं, खाली डबा सरकवला आणि तोटी उघडली. हवा सुटली... आणि ती पुरती संपायच्या आत खिडकीपलीकडे पातेलं शेगडीवर ठेवल्याचा आवाज आला.