पायलटची आई

पायलटच्या आईंना अंतर किलोमीटरमध्ये सांगितलेलं चालायचं नाही. "वाघोलीहून खडकी? संध्याकाळी निघालात तर तेवढ्यात माझी सुजाता अ‍ॅलिस स्प्रिंग्जहून उडून माउंट आयझाला उतरते," त्या म्हणायच्या. आणि वर, "तिच्या वाटेत खड्डे नाहीत, एवढंच."

ही दोन्ही गावं ऑस्ट्रेलियाच्या आतल्या, लाल मातीच्या ओसाड मुलखातली. मोटारीने वळसा घालून गेलं तर हजारावर किलोमीटर. विमानाने साडेसहाशेच्या आसपास, म्हणजे दोनेक तास. सुजाता त्या मार्गावर छोटं विमान चालवायची. कधी टपाल, कधी औषधं, कधी माणसं. तिची आई खडकीच्या दारूगोळा कारखान्यातून निवृत्त होऊन पुण्यात वाघोलीच्या आमच्या सोसायटीत, माझ्या समोरच्या दारात राहायला आली होती. मी त्यांना मावशी म्हणायचे.

"एकुलत्या मुलीला एवढ्या लांब कशाला धाडलंत?" असं कुणी विचारलं की मावशी शांतपणे म्हणत, "इथे विमान उतरवायला जागा नव्हती."

गंमत म्हणजे मावशींना स्वतःला उंचीची विलक्षण भीती. पहिल्या मजल्याच्या गॅलरीत कपडे वाळत घालतानाही त्या खाली बघायच्या नाहीत. सुजाता दरवर्षी तिकिटाचं विचारायची आणि मावशी दरवर्षी गुडघे पुढे करायच्या. गुडघे उत्तम होते. भाजी आणायला जाताना मला त्यांना गाठावं लागायचं.

एका रविवारी सुजाताचा नेहमीचा 'उतरले' हा मेसेज आलाच नाही. मावशी फोन घेऊन माझ्याकडे आल्या. "नेट गेलं असेल, नाही का गं?" मी हो म्हणाले. चहा केला, तो दोघींनीही घेतला नाही. दुपारी एकदाचा फोन वाजला. धुळीचं वादळ उठलं म्हणून सुजाताने वाटेत एका गुरांच्या फार्मवर विमान उतरवलं होतं, आणि तिथे रेंज नव्हती; माउंट आयझाला पोचल्यावरच तिला फोन करता आला. सगळे सुखरूप होते. मावशी रडल्या नाहीत, रागावल्याही नाहीत. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिकीट काढ. तू काय करतेस ते मला एकदा बघू दे."

विमानतळावर सोडायला मीच गेले. आत जाण्याआधी त्यांनी विचारलं,

"वर गेल्यावर खाली बघावं लागतं का गं?"

"मुळीच नाही," मी ठणकावून सांगितलं. मी स्वतः कधी विमानात बसलेले नव्हते.

पंधरा दिवसांनी माउंट आयझाहून व्हिडिओ कॉल आला. सुजाताच्या शेजारच्या सीटवर बसून मावशी आल्या होत्या; केस विस्कटलेले, चेहरा लालबुंद. "अर्धी वाट डोळे मिटून होते. मग ही म्हणाली, आई, नदी बघ. बघितली तर कोरडी ठाक! दाखवायला हिला तेवढीच नदी सापडली." मग आवाज एकदम खाली आला. "पण पोरीचा हात काय स्थिर आहे गं. मी नुसती हाताकडेच बघत बसले."

त्या मुक्काम वाढवत गेल्या आणि शेवटी तिथल्याच झाल्या. इथलं घर बंद आहे. फोनवर बोलणं झालं की शेवटी "कधी येतेस?" हे ठरलेलं. मी सुट्टी नाही, घर कोण बघेल, अशी कारणं सांगत राहिले. मग एक दिवस कारणं संपली.

परवा पासपोर्टच्या चौकशीला पोलीस आले. "परदेशात कोणाकडे जाणार?"

"शेजारणीकडे."

त्यांनी वळून समोरच्या दाराच्या कुलपाकडे पाहिलं.

"हो," मी म्हणाले, "त्याच."