क्षितिजच्या मापाची सायकल

शीलाबाईंनी सदाशिवरावांना पहिल्यांदा नीट पाहिलं ते अंतरपाटाखालून. मान खाली घालून उभ्या असताना समोर दिसले ते नुसते पाय. पीतांबर घोट्याच्या बराच वर संपला होता आणि त्याखाली लांबच लांब नडग्या. मागं उभा असलेला मामा कानात म्हणाला, "पोरी, पाय पाह्यले का? वरचा माणूस सुरू व्हायलेच वेळ लागते." मंगलाष्टकं चालू असताना त्यांना हसू आवरेना. पुढं पंगतीत कळलं, की हा माणूस उभा राहिला की उंच आणि पाटावर बसला की चारचौघांएवढाच. सगळी उंची कमरेखाली.

दिग्रसच्या तहसील कचेरीत सदाशिवरावांनी नोकरीचा सगळा काळ काढला. बोलणं कमी. रागावले तर पेनचं टोपण काढायचे आणि परत लावायचे, एवढंच. जाणं-येणं काळ्या सायकलवर. तिची सीट वर ओढून ओढून नळी संपली, तरी गुडघे हँडलला लागायचेच. मुलगी केतकी आईवर गेली, ठेंगणी. क्षितिज मात्र हुबेहूब बापावर. त्याच्या शाळेच्या पँटी दिवाळीच्या आतच आखूड व्हायच्या.

पुण्यात नोकरी लागल्यावर क्षितिजला सायकलचा नाद लागला. तयार सायकल त्याला कधी बरोबर बसली नाही, पाठ धरायची. शेवटी तिथल्या एका कारागिराकडे त्यानं टायटॅनियमची, स्वतःच्या मापाची सायकल करायला टाकली.

"बाबा, शिंपी घेतो ना, तसं माप घेतलं. मांडी, नडगी, हात, खांदे, सगळं," तो फोनवर सांगत होता.

"बाह्या अर्ध्या ठेवल्या का पूर्ण?" सदाशिवरावांनी विचारलं होतं.

दिवाळीत इकडच्या रस्त्यांवर चालवायची म्हणून सायकल पाठवायचा पत्ता त्यानं दिग्रसच्या घरचाच दिला.

श्रावणात त्याला डेंग्यू झाला आणि आठवड्याच्या आत तो गेला. एकतीस वर्षांचा होता.

पितृपक्षात ट्रान्सपोर्टवाल्यानं खोका आणून ओसरीवर टेकवला. तो कुणी उघडला नाही. येता-जाता दोघंही त्याला वळसा घालून जात. मग क्षितिजचा मित्र नयन पुण्याहून आला आणि त्यानं ओसरीत मांडी घालून सायकल जोडली. रंग दिलेलाच नव्हता. मळभ आलेल्या आभाळासारखा नुसता धातू.

दूध घालायला आलेले मारोतराव थबकले. "सदाशिवभाऊ, रंग द्याचा राह्यला का हिले? एवढी महागाची अन् उघडीच धाडली."

"हिला गंज लागत नाही, काका," नयन म्हणाला.

"मंग चोर लागन," म्हणत मारोतरावांनी कॅन उचलली.

नयन सायकल पुण्याला न्यायला आला होता. क्षितिजच्या मित्रांनी ती आठवण म्हणून ठेवायचं ठरवलं होतं, कारण दुसऱ्या कुणाला ती बसणार नाही. निघण्याआधी ब्रेक पाहायला तो सदाशिवरावांना म्हणाला, "काका, तुम्ही एक चक्कर मारता?"

सदाशिवरावांनी टांग टाकली. नयन सीट वर-खाली करायला पाना घेऊन वाकला आणि तसाच राहिला. "काहीच हलवायचं नाही, काका," तो हळू म्हणाला.

ते कोपऱ्यापर्यंत जाऊन वळून आले. शीलाबाई दारात उभ्या होत्या. परत येणाऱ्या नवऱ्याचा चेहरा त्यांनी पाहिला. तसा चेहरा त्यांनी केतकीच्या लग्नातही पाहिला नव्हता. त्या आत निघून गेल्या. नयनला सदाशिवराव म्हणाले, "राहू दे थोडे दिवस." नयन रिकाम्या हातानं परतला.

मग रोज पहाटे ते धरणाच्या रस्त्यानं जाऊ लागले. सुरुवातीला येऊन सांगायचे. "अगं, खडीवरून गेलो तरी हाताला कळत नाही. आवाज म्हणून नाही. चढावर मागून कुणी हात लावल्यासारखं वाटते." शीलाबाई भाजी निवडत राहायच्या. काही दिवसांनी त्यांनी सांगणं बंद केलं. पण न्हाणीघरातून गुणगुणणं ऐकू यायचं. जेवताना दुसरी पोळी मागायचे. संध्याकाळी जुन्या धोतराच्या फडक्यानं एकेक नळी पुसायचे आणि पुसून झाल्यावर सायकल एका हातानं उगाच उचलून पाहायचे. शीलाबाईंच्या वाट्याला क्षितिजचे शर्ट आले होते. ते त्या काढायच्या, परत घडी घालायच्या. त्या शर्टांचं दुसरं काही करता येत नव्हतं.

दसऱ्याला घरात काहीच नव्हतं. वर्ष सरल्याशिवाय सण करायचा नव्हता. दाराला तोरण नाही, कुणाला सोनं द्यायला जायचं नाही. सदाशिवराव त्या दिवशी उशिरा आले. त्यांनी सायकल ओसरीत टेकवली तेव्हा शीलाबाईंना हँडलला अडकवलेलं झेंडूचं फूल दिसलं. सीटखालच्या नळीवर कुंकवाचं स्वस्तिक होतं, ओलसर.

"हे कोणी काढलं?"

"मी. धरणाच्या वाटेवरल्या मारुतीपाशी. नारळ फोडला."

"आपलं वर्ष झालं नाही अजून."

"माहीत आहे."

"मग काहून फोडला?"

त्यांनी हँडलवरचं फूल सरळ केलं. मग म्हणाले, "नवी गाडी आहे, शीला."

"त्याची आहे ती."

"बरोबर माझ्या मापाची आहे."

"माप त्यानं दिलं होतं, तुम्ही नाही."

"त्याच्याजवळ माप कोणाचं होतं?"

शीलाबाई खांबाला धरून उभ्या राहिल्या. "तुम्हाला आनंद झाला," त्या म्हणाल्या. "माझं पोरगं गेलं अन् तुम्हाला त्यातून आनंद मिळाला. मला सांगा, मी तो कुठून आणू?"

"नयनला बोलावतो. घेऊन जाईल," सदाशिवराव म्हणाले. त्यांचा हात सीटवर होता. तो त्यांनी काढला नाही.

दोन दिवस शीलाबाईंनी वाट पाहिली. सदाशिवरावांनी नयनला फोन केला नाही, आणि तिसऱ्या दिवशी पहाटे दाराची कडी निघाल्याचा आवाज आला. त्या सकाळी शीलाबाईंनी क्षितिजचे शर्ट एका बॅगेत भरले आणि केतकीकडे उमरखेडला जाणारी एसटी धरली. केतकीला म्हणाल्या, थोडे दिवस राहीन. केतकीनं वडिलांना फोन करून पुष्कळ सांगून पाहिलं. "बाबा, एक सायकल आहे ती. देऊन टाका ना." पलीकडून ते म्हणाले, "होय, देतो," आणि दिली नाही.

वर्षश्राद्धाला शीलाबाई घरी आल्या. स्वयंपाक केला, आलेल्यांना वाढलं, ओसरीकडे न पाहता दोन रात्री राहिल्या आणि परत गेल्या. आता त्या रविवारी फोन करतात. रक्तदाबाची गोळी घेतली का विचारतात, गॅसचं सिलिंडर आलं का विचारतात. सदाशिवराव दिग्रसला एकटे राहतात, वरण-भात स्वतः लावतात आणि रोज पहाटे त्या सायकलवरून धरणापर्यंत जाऊन येतात.