गप झालेली जखम

पनवेलच्या फिजिओथेरपीच्या दवाखान्यात मी गुडघा घेऊन जायचो आणि डोकेदुखी घेऊन परतायचो. कारण शेजारच्या खाटेवरचा करंजा गावचा तो मच्छीमार. कैक वर्षांपूर्वी बोटीवरून पडून त्याचा मणका मोडलेला. कमरेखाली काही जाणवत नसे, आवाज मात्र भर बंदरातला. "ए, पानी! ए, पंखा!" उशाशी ठेवलेल्या टॉवेलसाठीसुद्धा बोंबलायचा.

एकदा त्याने डॉक्टरीणबाईंना विचारलं, "त्या स्टेम सेल टोचतात ना, त्यांना मनका कुठं मोडलाय ते कसं कलतं?"

"ताजी जखम रसायनं सोडते," त्या म्हणाल्या, "त्या मागावर पेशी येतात. जखम जुनी झाली की ते कमी होतं."

"म्हंजे माजी जखम आता गप झाली."

तो स्वतःही गप्प झाला. मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू? मग माझ्याकडे मान वळवून म्हणाला, "गप ऱ्हायलं का कोन येत नाय, बगा. घरात पन तसंच हाय."

आणि लगेच ओरडला, "ए, पंखा!"

बटण माझ्याच डोक्याशी होतं. दुखऱ्या गुडघ्यासकट चरफडत उठलो.