मिस्त्रींच्या स्क्रीनवर बटणच नव्हतं

“मॅडम, तुमच्या कॉम्प्युटरनं तानाजीला सहा दिस गैरहजर लावलंय. त्याला गावाकडं धाडला कुणी? म्या! मग गैरहजर कसा वो?”

मोल्डिंग शॉपचे, म्हणजे वाळूचे साचे करणाऱ्या विभागाचे दादू मिस्त्री माझ्या टेबलासमोर उभे होते, हाताला काळी वाळू तशीच. मागं तानाजी, तोंड उतरलेलं. मिस कॉल देऊन निरोप द्यायचे ते दिवस. कोल्हापूरजवळच्या एका फाउंड्रीत मी नुकतंच हजेरी-रजेचं सॉफ्टवेअर बसवलं होतं. तानाजी टेम्पररी. पर्मनंट करायच्या लोकांची यादी शनिवारी जाणार होती आणि विनापरवाना गैरहजेरी असली की नाव कटणार होतं. चार वर्षं वाळूत राबलेला माणूस माझ्या प्रोग्रॅमपायी यादीतून राहणार होता.

पण खरं सांगू? भीतीपेक्षा कुतूहल जास्त वाटत होतं. हजेरी ठेवणाऱ्या टाइमकीपरनं तानाजीच्या रजेची चिठ्ठी नोंदवलेली, रजा मिस्त्रींकडं पोचलेली. मग अडली कुठं?

मिस्त्रींना खुर्चीवर बसवून त्यांचं लॉगिन उघडलं. तानाजीची रजा समोर दिसत होती. मंजुरीचं बटणच नव्हतं!

अशा सॉफ्टवेअरमध्ये दोन गोष्टी असतात. एक हायरार्की, म्हणजे कोण कुणाच्या हाताखाली. रजा कुणाकडं जायची ते तिच्यावरून ठरतं. दुसरी यूजर ग्रुप, म्हणजे कुणाला काय करायची मुभा: नुसतं बघायचं, की मंजूरही करायचं. हायरार्की मी शॉपमध्ये विचारून केली होती, म्हणून तानाजीसारखे कामगार मिस्त्रींखाली. ग्रुप मात्र ऑफिसच्या यादीवरून केले. यादीत मिस्त्री ‘ऑपरेटर’, म्हणून ते कामगारांच्या ग्रुपात. अर्ज त्यांच्याकडं यायचा, पण सही करायची सोय नव्हती. तीन दिवसांत मंजुरी नाही, तर गैरहजेरी. हा नियमही मीच घातलेला. धन्य माझी!

मी पर्सोनेल मॅनेजर देसाईसाहेबांकडं गेले.

“सर, मिस्त्रींना ॲप्रूव्हर करावं लागेल.”

“कामगाराला? उद्या युनियन त्याच्यासाठी वरची ग्रेड मागेल. रजा शिफ्ट इंजिनिअर मंजूर करेल.”

चहाच्या सुट्टीत शॉपमध्ये जाऊन मी दहाजणांना विचारलं, रजा कुणाला मागता?

“मिस्त्रीला की!” एकजण म्हणाला, “आमची समदी गँग मुरगूडकडची. म्हाई आली की कोण जाणार, कोण हितं थांबणार, मिस्त्रीच ठरवत्यात. इंजिनिअरला आमची म्हाई कवा ते बी ठावं न्हाय.”

म्हाई म्हणजे गावची जत्रा. एकाच गावची माणसं, सगळ्यांना एकाच दिवशी रजा हवी आणि शॉप तर बंद ठेवता येत नाही. ही कसरत कुठल्या यादीत असणार?

परत देसाईसाहेबांकडं. “सर, ग्रुप म्हणजे बढती नव्हे. वेगळा ग्रुप करते. फक्त रजा मंजूर-नामंजूर करायची, तीही फक्त आपल्या गँगची. ग्रेड, हुद्दा, कशालाच हात नाही.”

“आणि गाववाले म्हणून सगळ्यांनाच मंजूर केलं तर?”

“स्वतः उभं राहून बघा की सर.”

शुक्रवारी ते खरंच मिस्त्रींच्या मागं उभे राहिले. सात रजा अडकलेल्या; मंजूर झाली की गैरहजेरी पुसली जाणार होती. मिस्त्रींनी माउस दोन्ही हातांनी धरला. तानाजी, मंजूर. आणखी पाच मंजूर. सातव्या नावावर हात थांबला.

“ह्यो न्हाय. ह्याला म्या थांब म्हटलं हुतं. तरी गेला.”

देसाईसाहेबांनी नाव वाचलं. “अहो, हा तुमचा मेव्हणा ना?”

“व्हय. मग?”

आणि त्यांनी नामंजूर दाबलं. देसाईसाहेबांनी स्क्रीनवरचं ‘नामंजूर’ पुन्हा एकदा वाचलं. मग मला म्हणाले, “तो ग्रुप ठेवा.”

शनिवारच्या यादीत तानाजीचं नाव गेलं. जीव भांड्यात पडला माझा.

त्यातनं मी एक शिकले. हुद्द्यांची यादी ऑफिसात मिळते, पण घरच्या माणसाला नाही म्हणणारा कोण आहे, ते शॉपमध्ये जाऊन बघावं लागतं. मिस्त्रींना त्या आठवड्यात घरी जेवण कसलं मिळालं, ते मात्र मी विचारलं नाही.